चिऱ्याच्या घरात वायफाय सगळीकडे पोचवायचं तर राउटर कसा निवडायचा

दोन वर्षांपूर्वी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आमच्या गोव्यातल्या मयेच्या मूळ घरात नेहमीसारखी पंचवीसेक माणसं जमली होती, गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधून झाली, आरतीची तयारी झाली आणि धाकटा भाऊ जहाजावर असल्यामुळे त्याला व्हिडिओ कॉलवर आरती दाखवायची असं ठरलं. जहाजावर त्याला नेट ठरावीक वेळच मिळतं, त्याने वेळ साधून फोन लावला, वहिनी मोबाइल घेऊन देवाच्या खोलीत उभी राहिली आणि पहिल्याच कडव्याला चित्र अडकलं. आवाज तुटक तुटक, मग तोही बंद. राउटर बाहेर पडवीत, मध्ये चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, दोन भिंती. प्लॅन १०० एमबीपीएसचा, पण त्या खोलीत साधा फोटोसुद्धा जाईना. आईला फार लागलं ते, मलाही. म्हणून मग हा विषय मुळापासून समजून घेतला, घरात करून बघितलं, नंतर फोंड्याला मावशीकडे आणि पर्वरीला एका मित्राच्या फ्लॅटवरही केलं, आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण गोव्यातल्या घरांना लागेल अशी माहिती मला तेव्हा एका जागी मिळाली नव्हती.

चवथ संपल्यावर मी आधी म्हापशाला जाऊन सहा अँटेनांचा मोठा राउटर आणला. दुकानदार म्हणाला अख्खं घर कव्हर होईल. पडवीत स्पीड झकास, देवाच्या खोलीत मात्र जेमतेम फरक. कारण सोपं आहे पण कोणी सांगत नाही. राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडायचा याला सरकारी मर्यादा आहे, अँटेना सहा आहेत म्हणून ताकद सहापट होत नाही. आणि दुसरं म्हणजे वायफाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे, राउटरचा आवाज फोनपर्यंत गेला तरी फोनच्या इवल्याशा अँटेनाचं उत्तर त्याच दोन भिंतींमधून परत राउटरपर्यंत यायला हवं ना, फोन काही मोठा होत नाही. म्हणून कधी कधी मोबाइलवर रेंज फुल दिसते आणि पान काही उघडत नाही.

तर राउटर घ्यायला निघायच्या आधी घरात मोबाइल घेऊन एक फेरी मारा. अँड्रॉइडवर वायफायमॅन किंवा वायफाय अ‍ॅनालायझर नावाची फुकट अ‍ॅप मिळतात, आयफोनवर अ‍ॅपलचंच एअरपोर्ट युटिलिटी आहे, फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्यातला वायफाय स्कॅनर चालू करावा लागतो. यात सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते आणि आकडा उणे असतो, म्हणजे -४० उत्तम आणि -८५ म्हणजे जवळजवळ काहीच नाही. व्हिडिओ कॉल विनाअडथळा चालायला -६७ च्या आसपास किंवा त्याहून चांगला हवा, -७० च्या खाली गेला की ओढाताण सुरू होते, -८० ला व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज गेला तर गेला. आणखी एक लक्षात ठेवा, दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, म्हणजे -६४ आणि -७० हे आकडे दिसायला जवळचे असले तरी ताकद चौथाईवर आलेली असते.

मी वहीत घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीत आकडा लिहिला. पडवीत -३८. एक भिंत ओलांडून सोप्यात -५५. राजांगणाच्या, म्हणजे घरामधल्या उघड्या चौकाच्या, अलीकडच्या कडेला -६०, पलीकडच्या कडेला -६३, कारण मधे उघडं आहे. देवाच्या खोलीत -७८. मागे स्वयंपाकघरात फोन कधी कधी नेटवर्कच दाखवायचा नाही. हे २.४ गिगाहर्ट्झचे आकडे, राउटर ज्या दोन बँडांवर सिग्नल सोडतो त्यातल्या एकाचे. ५ गिगाहर्ट्झवर सोप्यातच -६६ आणि पुढे सगळं बंद. दोन्ही बँडचे आकडे वेगवेगळे लिहा, एकत्र लिहिले तर काही कळणार नाही, आणि दार उघडं असताना एकदा आणि बंद असताना एकदा बघा. ती वही समोर घेऊन बसलो तेव्हाच मला कळलं की माझा प्रश्न राउटरच्या ताकदीचा नाहीये, त्या दोन भिंतींचा आहे.

चिरा हा सच्छिद्र दगड आहे, जुन्या घरांत भिंत दीड-दोन फूट जाड असते, त्यात मातीचा गिलावा, आणि पावसाळ्यात तो दगड ओल धरतो. पाणी वायफायचा सिग्नल शोषतं. आमच्याकडे मे महिन्यात घेतलेला आकडा आणि जुलैत त्याच जागी घेतलेला आकडा यात ४-५ डीबीचा फरक आला, तर तुम्ही उन्हाळ्यात मोजून राउटर लावत असाल तर तेवढी जागा सोडून ठेवा. नवीन बांधकामात भिंत पातळ असते पण स्लॅब येतो, त्यातल्या लोखंडी सळ्या वरच्या मजल्याचा सिग्नल अडवतात. लाकडी माडी आणि वर कौलं असतील तर मात्र वरच्या मजल्यावर बऱ्यापैकी पोचतं, लाकूड आणि कौलं फारशी आड येत नाहीत. गच्चीवर पत्रे घातलेत तर पत्र्यातून काही जात नाही. आणि घरातलं लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, पाण्याची टाकी, हे सगळे छोटे बांधच आहेत.

आता जागा. एक पैसा न घालवता सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. नेटवाला येतो आणि फायबर ज्या खिडकीतून आत येते तिथेच खिळा मारून डबा टांगून जातो, म्हणजे घराच्या एका कोपऱ्यात, आणि अर्धा सिग्नल बाहेर माडांना. त्याला आधीच सांगा की वायर आत मधल्या खोलीपर्यंत ओढून दे, पाहिजे तर जादा वायरचे पैसे देतो म्हणावं. फायबर काचेची असते, फार घट्ट वळवू नका, कोपऱ्यावर सैल गोलाई द्या. राउटर उंचावर, साधारण पाच-सहा फुटांवर, मोकळ्यात ठेवायचा, टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या आत नको. राजांगण असलेलं घर असेल तर त्याच्या कडेच्या खांबाजवळ छपराखाली ठेवून बघा, कारण राजांगणाभोवतीच्या सगळ्या खोल्यांची दारं तिकडे उघडतात आणि सिग्नल भिंतीतून न जाता दारातून आत जातो. आम्ही डबा पडवीतून तिथे हलवला तेवढ्यानेच देवाच्या खोलीत -७८ चा -६६ झाला. नवीन काहीही न घेता. पावसाचं सपकारं लागणार नाही एवढं बघा म्हणजे झालं.

एवढं करूनही अंधार राहिलेल्या खोल्या असतील तर मग खरेदीकडे वळायचं. आधी कंपनीने दिलेला डबा उलटा करून बघा. काही कंपन्या अजून नुसत्या २.४ वाल्या ओएनटी, म्हणजे फायबर ज्यात जोडतात ते डबे, देतात, आणि कित्येकांच्या लॅन पोर्टवर, म्हणजे वायर खोचायच्या खाचेवर, १० ऑब्लिक १०० लिहिलेलं असतं. असं असेल तर २०० चा प्लॅन घेतला तरी त्या पोर्टमधून ९५ च्या वर येणार नाही. ही गोष्ट नवीन राउटर घेतानाही बघायची, स्वस्तातल्या बऱ्याच राउटरांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० एमबीपीएस असतं आणि मागचे पोर्ट मात्र १०० चे. खोक्यावर गिगाबिट वॅन (नेट आत येतं तो पोर्ट) आणि गिगाबिट लॅन असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

आता ते १२००, १८०० काय असतं ते सांगतो, कारण इथेच लोक फसतात. ती दोन्ही बँडांच्या कागदावरच्या वेगाची बेरीज असते. एसी१२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एएक्स१५०० म्हणजे ३०० आणि १२०१. एएक्स१८०० म्हणजे ५७४ आणि १२०१, एएक्स३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. प्रत्यक्षात एका फोनला यातलं निम्मं मिळालं तरी खूप, आणि फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे बेरजेला तसा काही अर्थ नाही. एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. यात आपल्या घरांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. वायफाय ५ मधली सुधारणा फक्त ५ गिगाहर्ट्झपुरती होती, त्या राउटरचा २.४ बँड अजून वायफाय ४ चाच, म्हणजे २००९ सालच्या स्टँडर्डचा. आणि चिऱ्याच्या भिंतीतून जो बँड पलीकडे जातो तो २.४ च. वायफाय ६ मध्ये दोन्ही बँड सुधारलेत, पण एएक्स१५०० मध्ये तो ३०० चा आकडा बघा, तिथे २.४ सहसा जुनाच ठेवलेला असतो. म्हणून जाड भिंतींचं घर असेल तर एएक्स१५०० वर थांबू नका, एएक्स१८०० घ्या, किमतीत फार फरक नसतो आणि खरा उपयोग होतो.

चवथीसारखी गर्दी होत असेल तर वायफाय ६ ला आणखी एक कारण आहे. पंचवीस माणसांचे पंचवीस फोन, दोन टीव्ही, गेटवरचा कॅमेरा, हे सगळे एकाच वेळी बोलायला लागले की जुना राउटर एकेकाला रांगेत उभं करतो, वायफाय ६ एकाच फेरीत अनेकांना थोडं थोडं देऊ शकतो. अर्थात फोनही वायफाय ६ चा हवा, पण घरातले निम्मे जरी तसे असले तरी रांग हलकी होते. वायफाय ७ चे राउटरही मिळायला लागलेत, २०० चा प्लॅन आणि साधे फोन असलेल्या घराला मी आत्ता त्याचा खर्च सांगणार नाही, तेच पैसे दुसऱ्या डब्यात घाला.

दुसरा डबा म्हणजे काय, तर माझं या सगळ्यातून झालेलं ठाम मत हे आहे की चिऱ्याच्या घरात एक दांडगा राउटर घेण्यापेक्षा दोन मध्यम राउटर घ्यावेत आणि त्यांना वायरने जोडावं. ते जोडायचे तीन मार्ग आहेत. सगळ्यात स्वस्त रिपीटर, जो प्लगमध्ये खोचतात. तो मोबाइलशी आणि राउटरशी एकाच बँडवर बोलत असेल तर स्पीड जवळजवळ निम्मा होतो, आणि लोक तो हमखास चुकीच्या जागी लावतात, जिथे सिग्नल नाही त्या खोलीत. अहो, तिथे त्यालाच काही ऐकू येत नाही तर तो पुढे काय देणार, तो मध्ये लावायला हवा, जिथे -६० च्या आसपास आकडा आहे तिथे. भाड्याच्या खोलीत, थोड्या दिवसांसाठी, एवढ्यापुरता ठीक.

दुसरा मार्ग मेश. दोन-तीन सारखे डबे, एकच नाव, एकच पासवर्ड, तुम्ही पडवीतून मागच्या दारी चालत गेलात तरी फोन आपोआप जवळच्या डब्यावर जातो. टीपी-लिंकचं डेको आहे, आसुसचं एआयमेश आहे, आणि ईझीमेश म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांसाठीचं एक स्टँडर्ड आहे, तरी माझं सांगणं असं की एकाच कंपनीचे एकाच जातीचे डबे घ्या, मिसळ करायला जाल तर सेटिंगमध्ये दिवस जाईल. बिनवायरीचा मेश पर्वरीच्या मित्राच्या फ्लॅटमध्ये मस्त चालला, पातळ भिंती, तीन खोल्या. आमच्याकडे मात्र दोन डब्यांमधलं बोलणंच चिऱ्यात अडकायला लागलं.

म्हणून तिसरा मार्ग, वायर. राजांगणाभोवतीच्या वाशांच्या कडेने कॅट ६ केबल नेली, जवळजवळ बावीस मीटर, कौलांखाली असल्यामुळे दिसतही नाही, आणि स्वयंपाकघराच्या दाराबाहेर दुसरा डबा लावला. भिंतीला भोक पाडायला आई तयार नव्हती, पाडावंही लागलं नाही, जुन्या वायरिंगचं भोक होतं त्यातूनच गेली. मागे स्वयंपाकघरात -४५, देवाच्या खोलीत -५२, आणि स्पीड दोन्हीकडे प्लॅनएवढा. केबल घेताना एक काळजी घ्या, बाजारात सीसीए नावाची केबल स्वस्त मिळते, म्हणजे आतली तार अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा नुसता मुलामा, हात लावला तर हलकी लागते. ती नको, शुद्ध तांब्याची मागा. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत हवी, घरात तेवढी लागतच नाही. उघड्यावरून जाणार असेल तर बाहेर वापरायची काळ्या कव्हरची घ्या, उन्हात साधी केबल दोन वर्षांत तडकते.

दुसरा डबा म्हणून जुना राउटरही चालतो, टाकू नका. त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, नाव आणि पासवर्ड पहिल्यासारखाच ठेवा, वायर लॅनमध्ये जोडा. ही मोडच नसेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनांना आपोआप पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि त्याचा स्वतःचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, बदलून ठेवा. मेशसारखं सफाईने फोन उडी मारणार नाही, पण फुकटात काम होतं. फोंड्याच्या मावशीकडे असंच केलंय, अजून चाललंय.

वीज हा आपल्याकडचा वेगळाच विषय. पावसात लाइट जाते, राउटर बंद, आणि नेमका तेव्हाच मोबाइलचा टॉवरही ढिला पडतो. राउटर आणि ओएनटी बहुतेक १२ व्होल्ट डीसीवर चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, पुस्तकाएवढा, तो दोन-तीन तास काढतो. घेण्याआधी दोन्ही अ‍ॅडाप्टरवरचं वाचा, १२ व्होल्ट आणि १ अँपिअर, दीड की २, दोन्हींची बेरीज यूपीएसला झेपली पाहिजे, काही डबे ९ व्होल्टचे असतात त्यांना १२ चं देऊ नका. आणि ओएनटीला विसरू नका, नुसत्या राउटरला यूपीएस लावून वायफाय दिसतं पण नेट येत नाही, हे मी दोन घरांत पाहिलंय. आमच्याकडे आत टॉवरचा सिग्नल जवळजवळ नाही, त्यामुळे फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून ठेवलंय, साधा फोनही आता वायफायवरूनच येतो, तेव्हा रात्री लाइट गेल्यावर राउटर चालू असणं हे आई-बाबांसाठी मोठी गोष्ट आहे.

विजेचा गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडाप्टर प्लगमधून काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण केबलला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घरात आत आणू देऊ नका, बाहेरच खांबावर संपवायला सांगा. मुख्य घरातून भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, खोलीपर्यंत किंवा गोठ्याकडे नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची लॅन केबल टाकू नका. जवळपास वीज पडली की तिच्यातून आलेला झटका दोन्हीकडचे डबे जाळतो, आमच्या शेजाऱ्यांचे गेल्या जूनमध्ये गेले. तिथे फायबर आणि तिच्या दोन्ही टोकांना लॅनशी जोडून देणारे दोन मीडिया कन्व्हर्टर, आता तेही फार महाग नाहीत.

सेटिंगचं थोडक्यात. २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ यातलाच ठेवा, अ‍ॅपमध्ये शेजाऱ्यांचे कुठले आहेत ते दिसतं, त्यांच्यापासून लांबचा घ्या. चॅनलची रुंदी फ्लॅटमध्ये २० मेगाहर्ट्झ, गावात आजूबाजूला घरं लांब असतील तर ४० करून बघा. ५ ला ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१, मधल्या चॅनलवर रडारचा सिग्नल आला असं राउटरला वाटलं की तो नियमाने चॅनल सोडतो आणि नेट मिनिटभर जातं. पासवर्ड डब्यामागे छापलेला ठेवू नका, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३. चवथीच्या पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क काढा, नंतर बंद करून टाका.

घेताना शक्यतो अशा दुकानातून घ्या जिथे आठवड्यात परत घेतात, आणि घरी आणल्या आणल्या त्याच वहीत त्याच जागांवर आकडे पुन्हा लिहा. दहा डीबीचासुद्धा फरक पडला नाही तर तो डबा तुमच्या घरासाठी नाही, परत करा. माझा तो सहा अँटेनावाला परत घेतला नाही, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. आणि चवथीसाठी करत असाल तर निदान पंधरा दिवस आधी करा, म्हणजे केबल ओढणारा माणूसही मिळतो आणि पाऊस असताना आकडे बघायलाही मिळतात. गेल्या वर्षी भावाने पूर्ण आरती बघितली, शेवटच्या मंत्रपुष्पांजलीपर्यंत, वहिनीने मग फोन घेऊन माटोळीखालून त्याला एकेक फळ दाखवलं आणि तसंच चालत मागे स्वयंपाकघरात आईकडे नेला.